पांढरी पुडी

रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत नवी पोरं आली की मामा पहिल्याच दिवशी त्यांना दोन गोष्टी सांगत. बाटलीतून काढलेलं काहीही परत बाटलीत टाकायचं नाही, चिमूटभर उरलं असलं तरी नाही. एका शहाण्याच्या काटकसरीपायी अख्खी बाटली नासते. आणि दुसरं म्हणजे, पहिल्या वर्षी पोटभर चुकून घ्या, पुढे ती सोय नसते. पोरं फिदीफिदी हसत, एखादी मुलगी इमानदारीत वहीत लिहून घेई आणि आठवडाभरात सगळे दोन्ही गोष्टी विसरत. मामांना त्याचा राग नसे. विसरलेलं पुन्हा सांगायला त्यांना आवडायचं.

मामा म्हणजे प्रयोगशाळेचे परिचर. परीक्षानळ्या धुणं, बर्नरच्या नळ्या तपासणं, आम्लाच्या बाटल्या भरून ठेवणं, असं त्यांचं काम कागदावर लिहिलेलं होतं. कागदावर काय, काहीही लिहितात. प्राध्यापक आले नि गेले, विभागप्रमुख बदलले, टेबलांवरचे डाग वाढले, मामा तेच राहिले. कपाट पुसता पुसता, मागे वळूनही न बघता ते म्हणत, "तिसऱ्या टेबलावर कुणाची तरी नळी आता उडणार," आणि दुसऱ्याच क्षणी तिसऱ्या टेबलावर कुणीतरी किंचाळे. उकळणाऱ्या नळीचा आवाज त्यांना कळायचा.

दर गुरुवारी पहिल्या वर्षाला क्षार ओळखायचे असत. प्रत्येकाला एक कागदाची पुडी मिळे. आत चमचाभर पूड, वर निळ्या पेन्सिलीनं हजेरीचा क्रमांक. तीन तासांत पुडीत काय आहे ते शोधून वहीत लिहायचं. त्या आठवड्याला कोणते क्षार द्यायचे ते विभागप्रमुख मॅडम ठरवत. कुठल्या क्रमांकाला कोणता जायचा, ते मात्र त्यांनी मामांवर सोडलं होतं. यादी मामांच्या खणात, खणाची किल्ली मामांच्या खिशात. कुणी कितीही लाडीगोडी लावली तरी आजवर त्या यादीतला एक शब्द बाहेर आला नव्हता.

आता पुड्यापुड्यांत फरक असतो. रंगीत पुडी म्हणजे फुकटचे गुण. निळी दिसली की मोरचूद, हिरवी असली की निकेल, लालसर असली की कोबाल्ट. उत्तर आधीच डोळ्यांना कळतं, उरलेले अडीच तास ते सिद्ध करण्याचं नाटक करायचं. पांढऱ्या पुड्या मात्र सगळ्या सारख्या दिसतात. तिथे काम करावंच लागतं, आणि एक पायरी चुकली की पुढच्या सगळ्या पायऱ्या हवेत. मामा मिजासखोर पोरांना लागोपाठ तीन पांढऱ्या पुड्या देत. रडूबाई असली तरी पांढरीच देत, फक्त जरा सोपी. ती रडायला लागली की म्हणत, "रडून झालं की नळी धू. तशीच ठेवू नकोस." वर्षाच्या शेवटी त्याच मुली परीक्षेत डोळे मिटून क्षार काढत आणि पेढा खाल्ल्यासारखं तोंड करून मामांना सांगायला येत.

हे सगळं मामांना कुणी शिकवलं होतं? त्यांच्याच पहिल्या वर्षानं. मामाही कधीकाळी त्याच कॉलेजात, त्याच प्रयोगशाळेत, खिडकीजवळच्या टेबलावर पहिल्या वर्षाला बसले होते. वार्षिक परीक्षेत पांढरी पुडी आली. घाईत निम्मी पूड मोरीत गेली, उरलेल्या पुडीत काही निघेना, शेवटी अंदाजपंचे उत्तर ठोकून दिलं. वर्ष गेलं. घरात पुन्हा बसवण्याची ऐपतही नव्हती आणि इच्छाही. तेव्हाच्या विभागप्रमुखांनी दया येऊन विचारलं, "नळ्या धुशील का? वर्षभरापुरतं. पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षेला बस." ते वर्षभर काही संपलं नाही. "मी पहिल्या वर्षाला आहे," असं मामा थट्टेनं सांगत, "फक्त जरा लांबलंय."

त्यांची एकुलती एक मुलगी, बारकी, कॉलेजात आली तेव्हा मामांच्या नोकरीला अठ्ठावीस वर्षं झाली होती. जन्मली तेव्हा मुठीएवढी होती म्हणून बारकी. पुढे चांगली बापाच्या खांद्याला लागली तरी नाव तेच राहिलं. कॉलेज सुरू होण्याच्या आदल्या दिवशी तिनं विचारलं, "बाबा, लॅबमध्ये तुम्हाला काय म्हणू?"

"सगळे म्हणतात तेच."

"मामा?"

स्वयंपाकघरातून तिची आई म्हणाली, "घ्या! पोरीनं कॉलेजात पाय टाकायच्या आधीच बापाला मामा बनवलं." तिघंही खूप हसले. पुढे कितीतरी दिवस त्या घरात तेवढं हसू झालं नाही, पण ते नंतरचं.

पहिल्या गुरुवारी मामांनी कुणाचीही भीडभाड न ठेवता पुड्या भरल्या. सत्तेचाळीस क्रमांकाला, म्हणजे बारकीला, नवसागर आला. पांढरा, पण तसा गरीब क्षार. कॉस्टिक सोड्याबरोबर तापवला की नाकात झणकन वास जातो आणि लाल लिटमसचा कागद निळा होतो, की झालं. पण बारकीला ते जमलं नाही. मामा दुरून बघत होते. ती पुढच्या पायऱ्या करत गेली, एकेक नळी रिकामी निघत गेली, कपाळावर घाम आला. तीन तासांनी तिनं वहीत मॅग्नेशियम लिहिलं. काहीच सापडलं नाही की सगळे मॅग्नेशियमच लिहितात. मॅडमनी लाल फुली मारली.

खिडकीजवळचंच टेबल होतं ते. अठ्ठावीस वर्षांत त्या टेबलावर कितीतरी पोरं चुकली होती, त्यांचं काही वाटलं नव्हतं. परक्याच्या पोरांना पोहायला शिकवताना त्यांनी बिनदिक्कत पाण्यात ढकललं होतं. पण इथे त्यांना बारकी दिसेचना. त्यांना दिसला तो हातातून पुडी सांडलेला, घामेजलेला एक पोरगा.

घरी आल्यावर बारकी भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. जेवायला उठली नाही. आई दोनदा बोलवून आली आणि मामांना म्हणाली, "अहो, पहिल्याच दिवशी पोरीचा असा हिरमोड. पुड्या तुम्हीच भरता ना?"

तिनं सहज म्हटलं होतं. मामांनी ते सहज घेतलं नाही. पुढच्या गुरुवारी सत्तेचाळीस क्रमांकाच्या पुडीत मोरचूद गेला.

एकदाच, असं त्यांनी मनाशी म्हटलं होतं. पोरीचा जरा धीर वाढू दे. बारकीनं उत्तर बरोबर काढलं, मॅडमनी शेरा दिला, घरी आल्यावर तिनं आईच्या गळ्यात हात टाकले. त्याच्या पुढच्या गुरुवारी निकेल गेलं. मग कोबाल्ट. मग लोखंडाचा पिवळा क्षार. असं करत वर्ष सरलं. बापाची माया आंधळी असते म्हणतात, पण ते काही खरं नव्हे. मामांना स्वच्छ दिसत होतं. सत्तेचाळीसची पुडी भरताना ते दर वेळी आधी दाराकडे बघत, आणि खोलीत कुणी नसायचं तरी बघत. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! तोच माणूस दोन मिनिटांनी बाहेर येऊन दुसऱ्याच्या मुलीला सांगे, "चुकलीस? बरं झालं. आता विसरणार नाहीस."

वार्षिक प्रात्यक्षिकातही सत्तेचाळीसला रंगीतच पुडी गेली आणि बारकी पहिली आली. तिचा क्रमांक फलकावर लागला. मामांनी त्या फलकाची काच त्या आठवड्यात चार वेळा पुसली. येणारे-जाणारे म्हणत, "मामा, शेवटी रक्त आहे कुणाचं!" आणि मामा मान खाली घालून काच पुसत राहत. लोकांना तो विनय वाटे.

इथपर्यंतही वेळ गेली नव्हती. खरी वेळ आली ती दुसऱ्या वर्षाचा विषय निवडायचा अर्ज भरताना. बारकीला वनस्पतिशास्त्रही आवडायचं. कोवळ्या देठाचा पातळ काप घेऊन ती सूक्ष्मदर्शकाखाली बघत बसे, आणि तिच्या चित्रांवर त्या विषयाच्या सरांनी लिहिलं होतं, 'डोळा फार चांगला आहे.' सरांनी तिला बोलावूनही विचारलं होतं. तर एका संध्याकाळी ती अर्ज घेऊन बापासमोर बसली.

"बाबा, काय करू? मन तिकडे ओढतंय. पण चित्रं काय, कधी जमतात, कधी नाही. रसायनात मी कधी चुकतच नाही. म्हणजे मला तेच येत असणार, नाही का?"

समोर कोरा अर्ज होता. आई भाजी निवडत होती. पंखा कुरकुरत होता. मामांच्या जिभेवर सगळं आलं होतं. सांगितलं असतं तर पोर रडली असती, चार दिवस बोलली नसती, आणि मोकळी झाली असती. पण फलकावरचा क्रमांक उतरवून कसा ठेवायचा? तिच्या तोंडावरचा तो उजेड आपल्याच हातानं कसा विझवायचा? ते म्हणाले, "ज्यात जास्त गुण, ते घ्यावं माणसानं." आणि पालकाच्या सहीच्या जागी सही केली. पुढे कितीतरी वर्षं कुठेही सही करायची वेळ आली की मामांना तो अर्ज आठवे.

दुसऱ्या वर्षाची प्रयोगशाळा वरच्या मजल्यावर होती. तिथल्या परिचर बाई एका डब्यात पुड्या टाकत आणि ज्यानं त्यानं हात घालून आपली उचलायची. एका पुडीत दोन-दोन क्षार मिसळलेले, बहुतेक पांढरेच. खाली ज्यांना मामांनी वर्षभर रडवलं होतं ती पोरं वर शिट्ट्या वाजवत काम करत होती. बारकीच्या मात्र नाकी नऊ आले. पहिल्या गुरुवारी चुकली, दुसऱ्या, तिसऱ्या. आधी तिला वाटलं, लक्ष लागत नाही. मग वाटलं, डोळे बिघडलेत. चष्माही करून झाला. पहिली आलेली मुलगी म्हणून वर्गानं आधी नवल केलं, मग कुजबुज केली.

एका दुपारी मामा तयारीच्या खोलीत एकटेच पुड्या भरत बसले होते. बारकी आत आली. हातात तिची पहिल्या वर्षाची वही होती. तिनं ती टेबलावर ठेवली आणि पानं उलटायला लागली.

"हा निळा. हा हिरवा. हा लाल. हा पिवळा. हा परत निळा." ती अगदी हळू बोलत होती. "शेजारच्या दोघींच्या वह्या आणून बघितल्या. त्यांना वर्षभरात सोळा-सतरा पांढरे आले. मला एक. पहिला. त्यानंतर एकही नाही."

मामांच्या हातात निळी पेन्सिल तशीच राहिली.

"पुड्या कोण भरतं, बाबा?"

दीड वर्षात त्या चार भिंतींत ती पहिल्यांदाच त्यांना बाबा म्हणाली होती. मामांनी तोंड उघडलं. तुझ्याचसाठी, असं काहीसं त्यांना म्हणायचं होतं. ते त्यांना स्वतःलाच इतकं पोकळ वाटलं की त्यांनी ते गिळून टाकलं.

"मला वाटायचं, मला येतं," बारकी म्हणाली. वही तिथेच ठेवून ती निघून गेली.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं आईलाही काही सांगितलं नाही. आईला ते मामांनीच सांगितलं, पुष्कळ दिवसांनी. ती म्हणाली, "मी आपलं बोलून गेले होते हो. तुम्ही इतकं ऐकता माझं, हे मला कधी माहीतच नव्हतं." मॅडमकडे जाऊन कबूल करावं असं मामांच्या रोज मनात येई. एकदा ते दारापर्यंत गेलेही. मॅडमनी विचारलं, "काय मामा, नळ्या संपल्या का?" आणि मामा "हो" म्हणून परतले.

बारकी दुसऱ्या वर्षात नापास झाली. वनस्पतिशास्त्राकडे वळायला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली असती. सरांनी आपणहून निरोप धाडला, तिनं नको म्हणून कळवलं. पुढे ती एका चष्म्याच्या दुकानात लागली. काचांचा नंबर तपासून त्या चौकटीत बसवायच्या. कामाला चोख. एकदा तपासलेला नंबर ती पुन्हा तपासते, आणि गिऱ्हाईक दाराबाहेर पडलं की कागद काढून तिसऱ्यांदा. मालक तिचं सगळ्यांसमोर कौतुक करतात. कुणी कौतुक केलं की ती आधी त्याच्या तोंडाकडे नीट बघते. ती सवय तिला कशी लागली, हे मामांखेरीज कुणाला कळायचं कारण नव्हतं. बापाशी ती वाईट वागली नाही. त्यांच्या गुडघ्याचं औषध आणलं, त्यांचा चष्मा स्वतः बसवून दिला. फक्त आपल्या कामाचं बरंवाईट तिनं बापाला पुन्हा कधी विचारलं नाही.

आणि बारकीनं वही टेबलावर ठेवली त्या दुपारपासून मामांनी कानाला खडा लावला. पुड्यांसाठी डबा आणला. ज्यानं त्यानं हात घालून उचलायची. मॅडमना वाटलं, मामांना वयामुळे याद्या झेपत नाहीत.

निवृत्तीच्या दिवशी जुनी पोरं आली होती. कुणी कारखान्यात मोठा साहेब, कुणी स्वतः शिकवणारी. एक पोक्त बाई उठून म्हणाली, "पहिल्या वर्षी मामांनी मला सलग पाच पांढऱ्या पुड्या दिल्या. मी त्यांना मनातल्या मनात इतके शाप दिलेत! आज मी जे काही आहे ते त्या पाच पुड्यांमुळे." टाळ्या पडल्या. मागच्या रांगेत बारकी बसली होती. तिनंही टाळ्या वाजवल्या. मामांनी ते बघितलं आणि त्यांना पुढचं एकही भाषण ऐकू आलं नाही.

सगळे पांगल्यावर किल्ल्या द्यायच्या म्हणून मामा शेवटचे प्रयोगशाळेत गेले. बारकी त्यांना घरी न्यायला थांबली होती, ती मागोमाग आली. अकरा वर्षांत तिनं तिथे पाऊल टाकलं नव्हतं. ती सरळ खिडकीजवळच्या टेबलाशी गेली आणि डागांवरून बोट फिरवत उभी राहिली.

मामा म्हणाले, "तो पहिला गुरुवार. तू जेवली नव्हतीस. भिंतीकडे तोंड करून रडत होतीस. मला बघवलं नाही गं. तिथेच चुकलं माझं."

बारकीनं वळून बघितलं. तिला खरंच नवल वाटलेलं दिसत होतं.

"मी रडत नव्हते, बाबा."

"मग?"

"मी विचार करत होते. कुठे चुकलं ते एकेक पायरी आठवत होते. आणि सापडलं मला. लिटमसचा कागद मी ओला केलाच नव्हता, कोरडाच धरला होता. कोरडा कसा निळा होईल? आणि त्या दिवशी मला सर्दी होती, वास येणारच नव्हता." ती किंचित हसली. "इतका आनंद झाला होता मला. जेवायला उठले तर विसरेन, म्हणून उठले नाही. मग दर गुरुवारी पुडी उघडताना वाटायचं, आज तोच येईल. आज मी दाखवते. वर्षभर वाट बघितली. तो परत आलाच नाही."

मामांनी कपाट उघडलं, नवसागराची बाटली काढली, चमचाभर पूड कागदावर घेतली, बोटांच्या सवयीनं चार घड्या घातल्या आणि निळ्या पेन्सिलीनं वर सत्तेचाळीस लिहिलं. पुडी त्यांनी खिडकीजवळच्या टेबलावर तिच्यापुढे ठेवली. शेजारी एक नळी ठेवली. लिटमसचा कागद ठेवला. वाटीत थोडं पाणी ठेवलं.

बारकी त्या सगळ्याकडे बघत राहिली. तिनं पुडी उचलली, आकड्यावरून अंगठा फिरवला आणि बापाच्या हातात परत दिली.

"राहू द्या, बाबा. मला येतं ते. तेव्हापासून येतं."

तिनं नळी उचलून जागच्या जागी ठेवली, वाटीतलं पाणी मोरीत ओतलं. मामा हातात पुडी घेऊन उभे होते. बाटली उघडीच होती, पण त्यांना त्यात ती परत टाकता येईना.

"चला," बारकी म्हणाली. "आई वाट बघत असेल."